ना मानधन, ना नाव : विकिपीडियावर लोक का लिहितात?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. नातवामुळे मला विकिपीडिया वाचायची सवय लागली. तेथील लेखांखाली लेखकाचे नाव नसते आणि लिहिणाऱ्यांना मानधनही मिळत नाही, असे ऐकतो. मग इतके लोक आपला वेळ खर्च करून तेथे का लिहितात?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या प्रश्नातील नावाचा मुद्दा आधी घेतो. लेखाखाली लेखकाचे नाव नसते हे खरे. पण प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ नावाचे पान जोडलेले असते आणि कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणता मजकूर घातला किंवा काढला, याची नोंद तेथे राहते. पुष्कळ सदस्य टोपणनावाने लिहितात. त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांना ओळख मिळत नाही, मात्र नियमित लिहिणारी मंडळी एकमेकांना या नावांनी चांगली ओळखतात. मानधनाविषयी आपण ऐकले ते बरोबर आहे. २००३ मध्ये स्थापन झालेली विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था मुख्यतः देणग्यांवर चालते; त्या पैशातून सर्व्हर, तंत्रज्ञ आणि कर्मचारी यांचा खर्च भागतो, लेख लिहिल्याबद्दल मात्र कोणाला काही दिले जात नाही.

लोक येथे का लिहितात हे समजून घ्यायचे, तर त्याआधीच्या एका प्रयोगात ते का लिहीत नव्हते, हे पाहावे लागते. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स यांनी लॅरी सँगर यांना संपादक नेमून ‘नुपीडिया’ हा ऑनलाइन ज्ञानकोश सुरू केला. तोही वाचकांसाठी विनामूल्य होता आणि त्याचेही लेखक स्वयंसेवकच होते. पण लेख शक्यतो तज्ज्ञाने लिहावा आणि परीक्षणाच्या सात पायऱ्या पार केल्यावरच तो प्रसिद्ध व्हावा, अशी तेथील रीत होती. पहिल्या वर्षभरात जेमतेम वीसेक लेख पूर्ण झाले. १५ जानेवारी २००१ रोजी याच मंडळींनी, कोणालाही थेट लिहिता येईल असा विकिपीडिया सुरू केला आणि त्या वर्षाच्या अखेरीस तेथे सुमारे २० हजार लेख जमले होते. मोबदला दोन्हीकडे नव्हता आणि हेतूही एकच होता. लिहिलेले वाचकासमोर यायला नुपीडियात महिने लागत. विकिपीडियात ते त्याच क्षणी येई.

प्रत्यक्षात हे काम कसे घडते, ते पाहू. एखादा माणूस आपल्या तालुक्यातील नदीवरचा लेख उघडतो. लेख चार ओळींचा असतो. त्यात नदीचा उगम दिलेला आहे, ती पुढे कोठे आणि कोणत्या नदीला मिळते ते नाही, आणि तिच्यावरील धरणाच्या नावातली वेलांटी चुकलेली आहे. या माणसाच्या कपाटात जिल्ह्याचे गॅझेटियर आहे. तो लेखाच्या माथ्यावरील ‘संपादन’ या शब्दावर टिचकी मारतो, वेलांटी सुधारतो, संगमाजवळच्या गावाचे नाव लिहितो, गॅझेटियरमधील पानाचा संदर्भ जोडतो, आपण काय बदलले ते एका ओळीत नोंदवतो आणि बदल जतन करतो. त्यानंतर जो कोणी तो लेख उघडेल, त्याला सुधारलेला मजकूर दिसतो. एका बैठकीत हातावेगळे होणारे आणि फळ लगेच दाखवणारे असे काम प्रौढ माणसाच्या वाट्याला एरवी फार थोडे येते. ज्याला छापलेली चूक डोळ्यांत खुपते, त्याला यात मिळणारे समाधान कमी लेखू नये.

संशोधकांनीही हा प्रश्न विचारलेला आहे. ओडेड नोव्ह यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत इंग्रजी विकिपीडियावर लिहिणाऱ्या १५१ जणांना त्यांच्या प्रेरणांविषयी विचारले होते. ‘या कामात मजा येते’ आणि ‘माहिती सर्वांना खुली असावी’ ही दोन कारणे सर्वांत वर आली. नोकरी-व्यवसायात उपयोग होईल, ही अपेक्षा बरीच खाली राहिली. मला या पाहणीतील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांना कामात मजा येत होती ते अधिक वेळ देत होते, परंतु खुल्या ज्ञानावरील निष्ठा आणि प्रत्यक्ष दिलेला वेळ यांचा तसा संबंध आढळला नाही. तत्त्वावर श्रद्धा असल्याने माणूस या कामाकडे वळतो; तो रोज रात्री जेवणानंतर तासभर बसतो, ते त्या कामाची गोडी लागल्यामुळे.

ही गोडी कशात असते, हे चीनमध्ये घडलेल्या एका घटनेतून फार स्पष्ट दिसले. ऑक्टोबर २००५ मध्ये चीनच्या मुख्य भूमीत विकिपीडियावर बंदी आली. चिनी भाषेतील विकिपीडियावर लिहिणारे तैवान, हाँगकाँग, सिंगापूर आणि इतर देशांतही होते. त्यांना ही बंदी लागू नव्हती आणि त्यांचे संगणक, त्यांचा वेळ, त्यांची मते यांत काहीही बदल झालेला नव्हता. उलट लिहिणारे कमी झाल्याने त्यांच्या लेखनाची गरज वाढली होती, आणि केवळ उणीव भरून काढणे हाच त्यांचा हेतू असता, तर त्यांनी आता अधिक लिहायला हवे होते. घडले ते याच्या उलट. मायकेल झांग आणि फेंग झू या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, बंदीबाहेरील या लेखकांचे योगदान सरासरी ४२.८ टक्क्यांनी घटले. जे सदस्य इतरांशी अधिक चर्चा करीत असत, त्यांचे लेखन अधिक घटले. आपण लिहिलेले वाचणारे, त्यात दुरुस्ती सुचवणारे, त्यावरून वाद घालणारे इतके लोक एकाएकी दिसेनासे झाल्यावर हात आखडता झाला.

मला आपल्या प्रश्नाचे उत्तर याच घटनेत दिसते. विकिपीडियावरचा लेखक त्यागी वृत्तीने कुठे एकटा बसून लिहीत नाही. आपल्या कामाची कोणाला तरी गरज आहे आणि ते कोणीतरी जाणकार पाहत आहे, ही त्याची खरी मिळकत असते. माणसे फार पूर्वीपासून अशा मिळकतीवर मोठी कामे करीत आली आहेत. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी वाचकांना आवाहन केले, तेव्हा शेकडो लोकांनी पुस्तके वाचून शब्दांची उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून टपालाने पाठवली होती.

आपल्या श्रमाचा वापर कोण आणि कशासाठी करणार, याविषयीही हे लेखक जागरूक असतात. विकिपीडियावर जाहिराती येण्याची शक्यता २००२ च्या आरंभी बोलली गेली, तेव्हा स्पॅनिश विभागातील बरेच लेखक बाहेर पडले आणि त्यांनी सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने आपला वेगळा ज्ञानकोश उभा केला. विनामोबदला लिहिण्यास त्यांची हरकत नव्हती. त्या लेखनावर दुसऱ्या कोणी पैसा मिळवावा, हे त्यांना मान्य नव्हते. विकिपीडियावर आजही जाहिराती नाहीत.

सगळेच निरपेक्ष बुद्धीने लिहितात, असे मात्र समजू नये. स्वतःची, आपल्या कंपनीची किंवा आपल्या नेत्याची प्रसिद्धी करण्यासाठी येणारेही असतात. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर केलेच पाहिजे, अशी अट २०१४ पासून वापराच्या नियमांत घातलेली आहे.

प्रश्न : कष्टाने लिहिलेला मजकूर दुसऱ्या दिवशी कोणीही पुसू शकतो. मग लिहिणाऱ्याचा उत्साह टिकतो कसा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पुसलेला मजकूर सहसा नाहीसा होत नाही. लेखाची प्रत्येक जुनी आवृत्ती इतिहासाच्या पानावर असते आणि केवळ खोडसाळपणे केलेला बदल दोन-तीन टिचक्यांत उलटवता येतो. अनेक सदस्य आपल्या आवडीच्या लेखांची सूची ठेवून त्यांवर लक्ष ठेवतात. काही जण तर स्वतः फारसे लिहीत नाहीत, हे राखणीचे कामच मनापासून करतात.

उत्साह मोडतो तो वेगळ्या ठिकाणी. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय लेखकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर होती आणि नंतर बरीच वर्षे घटत गेली. आरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे एक मोठे कारण असे आढळले की, उत्पात रोखण्यासाठी बनवलेली स्वयंचलित साधने आणि कडक होत गेलेले नियम यांच्यापायी चांगल्या हेतूने लिहिणाऱ्या नवख्यांचेही लेखन तडकाफडकी काढले जाऊ लागले, आणि ज्यांचे पहिले काम असे काढले गेले, ते बहुधा परतले नाहीत. याची दुसरी बाजू याना गॅलस यांनी जर्मन भाषेतील विकिपीडियावर दाखवली. त्यांच्या प्रयोगात सुमारे चार हजार नवख्या लेखकांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या काहींना एक मानचिन्ह देण्यात आले. त्याला पैशाचे मोल नव्हते. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे ते एक चित्र होते. तरीही पुढील महिन्यात लिहीत राहणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात २० टक्क्यांनी अधिक निघाले. नवख्याच्या लेखनातील चूक दाखवावीच लागते, परंतु ती कारण देऊन आणि नीट शब्दांत दाखवली नाही, तर ज्ञानकोश एक माणूस गमावतो. मराठीसारख्या, लिहिणारे थोडे असलेल्या विभागाला तर हा तोटा परवडणारा नाही, असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रश्न : मला मराठीत असे काम करायची इच्छा आहे, पण संगणकाचे ज्ञान बेताचे आहे. मी कोठून सुरुवात करू?
— एक वाचक, पणजी

उत्तर : मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि त्यात थोडे जाणणाऱ्यालाही भरपूर काम आहे. सदस्य खाते उघडा आणि ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानावर थोडे लिहून पाहा. नवा लेख लिहिण्याची घाई करू नका. शुद्धलेखनाच्या चुका सुधारणे, जुन्या लेखाला पुस्तकाचा किंवा वृत्तपत्राचा संदर्भ जोडणे, येथून आरंभ करावा. पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरवू नये आणि स्वतःविषयी किंवा नातेवाइकांविषयी लिहू नये.

टंकलेखन जमत असेल, तर ‘विकिस्रोत’ हा भगिनी प्रकल्प आपल्याला अधिक मानवेल. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. अशा जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे तेथे चढवलेली असतात. पडद्यावर एका बाजूला छापील पान आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर दिसतो. दोन्ही ताडून पाहून यंत्राने चुकवलेली जोडाक्षरे आणि विरामचिन्हे दुरुस्त करायची. न तपासलेले पान लाल खुणेचे असते, एकाने तपासल्यावर ते पिवळे होते, आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासले की हिरवे. काही अडले, तर ‘चावडी’ या पानावर विचारावे. तेथे जाणते सदस्य उत्तरे देतात.