साडेचार लाखांचा सेमिनार करू द्यावा का? वाळूजच्या एका जोडप्याची केस

पैसा कसा कमवायचा, वेल्थ कशी बनवायची असले महागडे सेमिनार करावेत का, पैसे वसूल होतात का, हा प्रश्न आजकाल माझ्याकडे फार येतो. विचारायला येणारा माणूस बहुतेक वेळा सेमिनारवाला नसतोच, त्याची बायको असते नाहीतर वडील. मी सीए नाही, फॅमिली कौन्सेलिंग करते, पण घरातली भांडणं शेवटी पैशावर येतात त्यामुळे हिशोबात डोकं घालावंच लागतं. ही केस दोघांना विचारून सांगतेय, ओळखीच्या खुणा बदलल्यात.

तो संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत सुपरवायझर, हातात 42 हजार पगार, ती घरी ट्यूशन घेते. सुरुवात झाली मोबाईलवरच्या जाहिरातीतून, 99 रुपयांचं वेबिनार. मग पुण्यात हॉटेलमध्ये दोन दिवस, 6,999. तिथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की खरं शिक्षण पुढच्या प्रोग्राममध्ये आहे, त्याची फी 1,80,000, आणि हा रेट फक्त आज रात्री 9 पर्यंत. मागच्या टेबलावर फायनान्सवाला पोरगा लॅपटॉप घेऊन बसलेलाच होता, बारा महिने नो कॉस्ट ईएमआय, महिना 15 हजार. बायकोला कळलं ते बँकेच्या मेसेजवरून. आणि आता माझ्याकडे यायचं कारण म्हणजे त्याच्याही वरचा प्रोग्राम, सरांची पर्सनल मेंटरशिप, साडेचार लाख, त्यासाठी त्याला पोरीच्या नावाची एफडी मोडायची होती.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, हे सकाळी उठून आरशासमोर उभे राहतात आणि मी करोडपती आहे म्हणतात, सासूबाई घाबरल्यात." तो बराच वेळ गप्प होता, मग एकदम म्हणाला, "हिचा माइंडसेटच गरीब आहे."

हे वाक्य त्याचं नाही हे मला लगेच कळलं, कारण मी ते याआधीही वेगवेगळ्या घरातल्या माणसांकडून ऐकलंय. स्टेजवरून आधीच सांगून ठेवतात की घरी गेल्यावर लोक विरोध करतील, बायको रडेल, मित्र हसतील, ते निगेटिव्ह आहेत, त्यांच्यामुळेच तुम्ही आजवर मागे राहिलात. मग घरी आल्यावर बायकोने नुसतं ईएमआय कसा भरणार एवढं विचारलं तरी सरांचं म्हणणं खरं ठरतं. म्हणजे ती जितकी हिशोब मांडणार तितका हा लांब जाणार. मला या सगळ्या प्रकारात फीपेक्षा हे जास्त खटकतं, कारण फी एकदा भरून संपते पण घरातलं एकमेव माणूस जे तुम्हाला थांबवू शकलं असतं त्याचं तोंड कायमचं बंद होतं. म्हणून तिला मी सांगितलं की ताई, काही दिवस फ्रॉड, वेड, मूर्खपणा हे शब्द घरात वापरू नका, मनात कितीही आले तरी.

मग त्याच्याशी एकट्याशी बोलले. हॉलमध्ये नेमकं काय झालं ते विचारलं. तर म्हणाला 200 एक माणसं होती, गाणी, नाच, सगळे सूट घातलेले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर डोळे मिटायला लावले, वडिलांनी कसे दिवस काढले ते आठवायला लावलं, हा ढसाढसा रडला आणि शेजारच्या अनोळखी माणसाने मिठी मारली. "मॅडम, 18 वर्षं कंपनीत आहे, तुला काय पाहिजे असं कुणी विचारलं नाही, घरीपण नाही." यावर मी हसले नाही, तुम्हीही हसू नका. त्याला तिथे जे मिळालं ते खरंच मिळालं. फक्त रडून झाल्यावर दोन तासांत फॉर्म वाटले गेले, हा क्रम योगायोगाने जुळलेला नसतो. लोक म्हणतात हव्यास असतो, माझ्या अनुभवात हव्यासापेक्षा लाज जास्त असते. भावाने फ्लॅट घेतला, साडूने गाडी घेतली, आपण तिथेच.

पुढच्या वेळी दोघांना समोरासमोर बसवलं आणि त्याला म्हटलं, एक लाख ऐंशी हजारात काय शिकलात ते यांना दहा मिनिटांत शिकवा. त्याने शिकवलं, आणि चांगलं शिकवलं बरं का. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा, टर्म इन्शुरन्स घ्यायचा, क्रेडिट कार्डचं कर्ज आधी फेडायचं, एसआयपी म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम म्युच्युअल फंडात टाकायची. सगळं बरोबर. पण हे सगळं फुकट मिळतं. शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे सेबी, तिची इन्व्हेस्टर सर्टिफिकेशन परीक्षा आहे, सेबीचीच शिक्षणसंस्था एनआयएसएम ती घेते, फी शून्य, अभ्यासाचं मटेरियलपण मिळतं. तो म्हणाला हो पण खरी गोष्ट ऑप्शन्सची स्ट्रॅटेजी आहे, म्हणजे शेअरचा भाव पुढे वर जाईल की खाली यावर लावलेले सौदे. आता सेबीनेच 2024 मध्ये अभ्यास काढलाय, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीच्या वर सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. आणि जानेवारी 2025 मध्ये सेबीने नियम काढला की शिकवणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव दाखवून शेअरची नावं घ्यायची नाहीत. म्हणजे लाइव्ह मार्केटमध्ये सर सांगणार आणि आपण घेणार हे शिक्षणात बसतच नाही, त्यासाठी सेबीचं रजिस्ट्रेशन लागतं.

मग विचारलं, ट्रेडिंगला भांडवल किती? म्हणाला दोन लाख. म्हटलं मग नुसती भरलेली फी वसूल व्हायला वर्षात 90 टक्के परतावा लागतो, त्यानंतर तुमचा पहिला रुपया. साडेचार लाख भरले तर भांडवलच कुठे उरतं? ती पटकन म्हणाली, "त्या दिवशी किती जण उठले होते हो मागच्या टेबलाकडे?" वीसएक. तिने तिथेच गुणाकार केला, 36 लाख, एका संध्याकाळी. मला वाटलं आता पटेल. कसलं काय, तो म्हणाला सरांनी कमावलं तर कमावलं, त्यांचं टॅलेंट आहे. आकड्यांनी माणूस बदलत नाही हो, निदान लगेच तरी नाही.

गाठ सुटली ती वेगळ्याच ठिकाणी. तिने एकदा सहज विचारलं, तुम्हाला कंपनी सोडायचीय का? तेव्हा कळलं की नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन आल्यात, प्रोग्रामिंग येणारा पंचविशीतला पोरगा याच्या डोक्यावर आणून बसवलाय, हा वर्षभर ते गिळून होता. करोडपती व्हायचंच होतं असं नाही, सोमवारी त्या शेडमध्ये जायचं नव्हतं. आता यावर मेंटरशिप काय करणार? आपल्या संभाजीनगरातच इंडो जर्मन टूल रूम ही सरकारी ट्रेनिंग संस्था आहे, तिथे सीएनसी प्रोग्रामिंगचे छोटे कोर्स असतात. तो जाऊन चौकशी करून आला, मला म्हणाला फी ऐकून हसू आलं.

तर मला कुणी विचारलं की पैसे देऊन शिकावं का, तर हो, शिकावं, पण शिकल्यावर या कामाचे पैसे मला कोण देणार हे नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. टॅली, जीएसटी रिटर्न, वेल्डिंग, प्रोग्रामिंग, याचं उत्तर देता येतं. श्रीमंत कसं व्हायचं या कोर्सचं उत्तर बहुतेकदा एकच निघतं, तोच कोर्स दुसऱ्याला विकून कमिशन. आणि आज रात्री 9 पर्यंतच असं कुणी म्हणालं तर घरी जाऊन झोपा, सकाळी त्याच रेटमध्ये फोन येतोच.

एफडी मोडली नाही. 1,80,000 मात्र परत आले नाहीत, मेल केला तर पुढच्या बॅचला बसा म्हणाले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे पाच लाखांपर्यंतच्या केसला फी लागत नाही. ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांच्यासाठी एवढंच सांगते की रागाच्या भरात ईएमआय बंद करू नका, ते लोन सेमिनारवाल्याचं नसतं, फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं असतं आणि सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत, तुमची खराब होते. भांडण सेमिनारवाल्याशी करा, लेखी करा, पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, ग्रुपवरचे मेसेज सगळं सेव्ह करून ठेवा, आणि ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी करा, नंतर सगळं मिळेलच असं नाही.