पक्षकाराचा पैसा, पक्षकाराचं गुपित

वकिलीची सनद तुला नुकतीच मिळाली आहे, तर आधी पैशाचं सांगतो. पक्षकाराने कोर्ट फीसाठी दिलेली किंवा तडजोडीत आलेली रक्कम तुझ्या पैशात एक दिवसही मिसळू देऊ नकोस. वेगळा हिशेब ठेव, पावती दे. ‘दोन दिवसांत परत भरतो’ म्हणून हात घालणारे हुशार वकील मी पाहिलेत. भरलेही त्यांनी, पण ती अफरातफरच.

नवं काम घेण्याआधी विरुद्ध पक्षाचं नाव जुन्या फायलींत शोध, तो तुझाच जुना पक्षकार निघू शकतो. प्रकरण संपलं तरी पक्षकाराची गुपितं तुझ्यापाशीच राहतात. घरी जेवताना किस्सा म्हणूनही ती सांगायची नाहीत.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे पक्षकार म्हणतो, साक्षीत खोटं सांगेन. आधी एकांतात समजाव. नाहीच ऐकलं तर ती साक्ष तू पुढे आणायची नाहीस. वेळ पडली तर वकीलपत्र सोड, पण तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे. त्याला दुसरा वकील शोधायला अवधी हवा. साक्षीदाराला कोर्टाची पद्धत समजावणं चालतं, उत्तरं पाठ करून घेणं नाही. आणि तुझ्या बाजूच्या विरोधात जाणारा आधीच्या खटल्यातला निवाडा माहीत असेल तर लपवू नकोस. तूच मांड आणि तो इथे का लागू होत नाही, ते पटवून दे.