पणजोबा खरंच ग्वादालाहाराचे होते का?

प्रश्न : मी फ्रेस्नोला राहते, नवरा मेक्सिकन-अमेरिकन आहे. त्याचे पणजोबा १९१९-२० च्या सुमारास मेक्सिकोतून इकडे आले आणि आयुष्यभर शेतमजुरी केली, कापूस, द्राक्षं, संत्री, जिथे काम तिथे बिऱ्हाड. सासूबाईंना एवढंच माहितीये की ते "ग्वादालाहाराचे" होते. घरात एक फोटो आणि चर्चमधलं एक प्रार्थनेचं कार्ड आहे, त्यावर होसे गार्सिया, पण त्यांच्याच एका जुन्या पगाराच्या चिठ्ठीवर जोसेफ लोपेस! मी पैसे भरून एका वेबसाइटवर शोधलं तर होसे गार्सिया हजारोंनी निघाले. आता मुलगा रोज विचारतोय आपले लोक नेमके कुठले. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सगळ्यात आधी ते ग्वादालाहारा बाजूला ठेवा. शेतमजूर होऊन आलेली बहुतेक माणसं हालिस्को, ग्वानाह्वातो, मिचोआकान, साकातेकास या राज्यांतल्या छोट्या वस्त्यांवरची, ज्याला ते रांचो म्हणतात, पाच-पंचवीस घरांची वस्ती. आता कॅलिफोर्नियातल्या मुकादमाला त्या रांचोचं नाव सांगून काय कळणार, म्हणून मग माणूस जवळच्या मोठ्या शहराचं नाव सांगतो, आणि दोन पिढ्यांनी तेच घरात पक्कं होऊन बसतं. तुम्हाला शहर नको आहे, रांचो हवाय, किंवा निदान मुनिसिपियो, म्हणजे तो रांचो ज्या नगरपालिकेत येतो ती. एवढं हाती लागलं की बाकीचं सोपं आहे, आणि ते हाती लागेपर्यंत मेक्सिकोच्या नोंदींत शिरूच नका, नुसती दमछाक होते.

दुसरं, तुमचे गार्सिया आणि लोपेस ही दोन माणसं नाहीत, असा माझा पक्का संशय आहे. तिकडे आडनावं दोन, आधी वडिलांचं मग आईचं. म्हणजे होसे गार्सिया लोपेस. इकडच्या कारकुनाने शेवटचा शब्द आडनाव समजून लोपेस लिहिलं, होसेचं जोसेफ केलं, झालं काम. म्हणजे त्या पगाराच्या चिठ्ठीने वैताग नाही आणला, उलट पणजोबांच्या आईचं माहेर फुकटात सांगून टाकलं! शोधताना गार्सिया आणि लोपेस ही जोडीच शोधा, आणि पणजीचंही बघा कारण तिकडे बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, नवऱ्याचं नाव हरवलं तरी बायकोच्या दोन आडनावांवरून कुटुंब सापडतं, हे मी स्वतः तीन-चार घरांच्या बाबतीत पाहिलंय. आणि घरात चुय म्हणत असतील तर कागदावर हेसूस असणार, पांचो म्हणजे फ्रान्सिस्को, नाचो म्हणजे इग्नासियो, आणि लुपे म्हणजे ग्वादालुपे, जे बाईचंही नाव असतं आणि पुरुषाचंही.

आता कागद. मृत्यूचा दाखला काढाच, पण त्याच्यावर फार जीव टाकू नका, जन्मस्थळाच्या जागी नुसतं "मेक्सिको" लिहिलेलं असतं कितीतरी वेळा, कारण ती माहिती मेलेल्या माणसाने दिलेली नसते, रडणाऱ्या मुलीने नाहीतर जावयाने दिलेली असते. माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं जिथे लिहून घेतलंय असे कागद हवेत. असे चार सांगते.

पहिला, सैन्यभरतीची नोंदणी. नागरिक नसलेल्यांनाही ती करावी लागायची. १९१७-१८ ची तुमच्या पणजोबांना लागू होणार नाही, ते तेव्हा आलेच नव्हते, पण एप्रिल १९४२ मध्ये २८ एप्रिल १८७७ ते १६ फेब्रुवारी १८९७ या काळात जन्मलेल्या पुरुषांची नोंदणी झाली आणि त्यापेक्षा तरुणांची १९४० पासूनच सुरू होती. त्या कार्डावर जन्मतारीख, जन्मगाव, मालकाचं नाव, आणि "तुमचा पत्ता कायम माहीत असेल अशी व्यक्ती" असा एक रकाना असतो, सतत फिरतीवरच्या मजुराच्या बाबतीत तो रकाना म्हणजे लॉटरीच.

दुसरा, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात भारी, १९४० ची परकीयांची नोंदणी. त्या वर्षीच्या कायद्याने चौदा वर्षांवरच्या प्रत्येक बिगर-नागरिकाला नाव नोंदवून बोटांचे ठसे द्यावे लागले. मेक्सिकन मजुरांपैकी पुष्कळांनी नागरिकत्व घेतलंच नव्हतं, त्यामुळे नागरिकत्वाच्या फायली शोधत बसण्यापेक्षा हा फॉर्म मागवा. देशात कधी आलात, कुठून शिरलात, तेव्हा नाव काय होतं, सगळं विचारलेलं आहे. हे फॉर्म अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आहेत, त्यांचा वंशावळीसाठी वेगळा विभागच आहे, फी भरून अर्ज करायचा आणि वाट बघायची, धीर धरायची तयारी ठेवून.

तिसरा, सीमेवरची कार्डं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढची यांची मायक्रोफिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने केलीय आणि फॅमिलीसर्चवर ती फुकट बघता येतात (ही साइट मॉर्मन चर्च चालवतं, पण बघायला धर्म विचारत नाहीत). त्या काळात पुष्कळ माणसं टेक्सासमधल्या एल पासोच्या पुलावरून यायची. १९१७ च्या कायद्याने डोईपट्टी (माणशी कर) आठ डॉलर आणि वाचता येतं का याची परीक्षा असं दोन्ही लागलं, पण शेतमालकांनी ओरडा केल्यावर शेतमजुरांना त्यातून सूट मिळाली ती १९२१ पर्यंत, म्हणजे तुमचे पणजोबा आले तेव्हा ती सूट चालू होती. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या आजोबांचं असं कार्ड आम्ही दोघींनी मिळून वाचलं होतं, उंची, डोळ्यांचा रंग, "उजव्या भुवईवर व्रण", जवळ किती डॉलर, आणि खाली मागे राहिलेल्या नातेवाइकाचं नाव-पत्ता. त्या पत्त्यात रांचोचं नाव होतं! शंभर वर्षं घरात कोणाला माहीत नव्हतं ते एका कारकुनाने घाईघाईत, वाकड्या स्पेलिंगने लिहून ठेवलेलं. बाई कितीतरी वेळ त्या व्रणावरच बोट ठेवून बसल्या होत्या, त्यांच्या भावालाही तिथेच खोक पडलेली, योगायोगच म्हणा.

एक मात्र आहे, सगळ्यांचीच कार्डं नाहीत. सीमेवरची गस्ती पोलीस यंत्रणा १९२४ ला उभी राहिली, त्याआधी (आणि नंतरही) नदी ओलांडून सरळ आलेले खूप. कार्ड नाही सापडलं तर निराश नका होऊ.

चौथा, इकडच्या कॅथलिक चर्चच्या वह्या. लग्न इथे झालं असेल तर त्या नोंदीत वर-वधूचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला ते असू शकतं, आणि उलट इथून त्या गावच्या चर्चला कळवायची पद्धत होती, त्यामुळे मेक्सिकोतल्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वहीत समासात बारीक अक्षरात नंतर कोणीतरी लिहिलेलं सापडतं की हा अमुक साली कॅलिफोर्नियात तमक्या बाईशी लग्न करता झाला. ती समासातली ओळ दिसली की समजायचं, हाच आपला होसे, बाकीचे हजार नव्हेत.

सेन्ससही बघा, १९५० पर्यंतचे खुले आहेत (७२ वर्षांनी उघडतात, म्हणून १९५० चा २०२२ मध्ये उघडला). १९३० च्या सेन्ससमध्ये "मेक्सिकन" ही वंशाच्या रकान्यात वेगळी जात धरली होती, तेवढ्या एकाच सेन्ससमध्ये. पण १९३० पासूनची मोजणी एप्रिलची, आणि मजूर पिकामागे फिरणारा. म्हणून आधी सासूबाईंना विचारा, एप्रिलमध्ये हे लोक कुठल्या पिकावर असायचे? पीक कळलं की काउंटी, म्हणजे इकडचा जिल्हा, कळते. बायकांना वर्षं आठवत नाहीत पण कुठल्या बाळंतपणाच्या वेळी काय तोडणी चालली होती ते बरोबर आठवतं.

गाव सापडल्यावर मेक्सिको. तिथे दोन वह्या, चर्चची आणि सरकारची. सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हुआरेसच्या सुधारणा कायद्यांनी आली, गावोगाव पोचायला अजून काही वर्षं गेली. सरकारी जन्मनोंदीत बहुतेक वेळा आईबापांबरोबर दोन्हीकडचे आजी-आजोबाही लिहिलेले असतात, म्हणजे एका पानात तीन पिढ्या! स्पॅनिश येत नसलं तरी चालतं, "आब्वेलोस पातेर्नोस" म्हणजे बापाकडचे आजी-आजोबा, "मातेर्नोस" म्हणजे आईकडचे, असे वीसेक शब्द पाठ केले की पानं वाचता येतात. गावांची नावं बदललेली असतात तेही ध्यानात ठेवा, हालिस्कोतलं आजचं स्युदाद गुस्मान म्हणजे पूर्वीचं सापोत्लान एल ग्रांदे. आणि घरातल्या कोणाचा जन्म १९२६ ते १९२९ मधला असेल आणि बाप्तिस्मा सापडत नसेल तर तो क्रिस्तेरो युद्धाचा, म्हणजे सरकार आणि कॅथलिक बंडखोर यांच्यातल्या लढाईचा काळ, चर्चमधली उघड पूजा बंद होती, बाप्तिस्मे लपूनछपून घरात व्हायचे, नोंद उशिरा झालेली असते किंवा नसतेच.

मुलाला सध्या एवढंच सांगा की गाव शोधणं चालू आहे.

प्रश्न : माझ्या सुनेचे आजोबा "ब्रासेरो" होते म्हणतात. सगळ्या ब्रासेरोंची एखादी यादी मिळते का? सुनेची आई म्हणते आजोबांनी त्या दिवसांबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

उत्तर : एकच यादी, नाव टाकलं की माणूस बाहेर, असं काही नाही. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिको आणि अमेरिकेच्या सरकारांमधल्या कराराने मजूर अमेरिकेत नेले जायचे, तेच ब्रासेरो, जवळपास ४६ लाख करारपत्रं झाली, पण एकेक माणूस पाच-सहा वेळासुद्धा जायचा, त्यामुळे माणसं त्याहून बरीच कमी. तोंड का उघडलं नाही ते समजू शकते मी. सीमेवरच्या केंद्रात कपडे उतरवून रांगेत उभं करायचे आणि अंगावर डीडीटीची पावडर फवारायचे, १९५६ चे फोटो आहेत त्याचे, लेनर्ड नाडेल या फोटोग्राफरने काढलेले, अमेरिकन इतिहासाच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. असलं नातवंडांना कोण सांगेल.

शोध मात्र घरातच घ्या, ट्रंकेत, बायबलमध्ये, कपाटाच्या तळाला. कारण सुरुवातीच्या वर्षांत मजुरांच्या पगारातून दहा टक्के कापून बचत म्हणून ठेवायचे आणि ते पैसे कित्येकांना मिळालेच नाहीत, मग २००५ मध्ये मेक्सिको सरकारने भरपाईसाठी निधी काढला, ३८,००० पेसो प्रत्येकी, आणि त्यासाठी मूळ कागद दाखवावे लागत. त्यामुळे म्हाताऱ्यांनी करारपत्रं, ओळखपत्रं शोधून काढली, जपली, झेरॉक्स केल्या. पात्र ठरलेल्यांची नावं मेक्सिकोच्या सरकारी राजपत्रातही छापली गेली, तिथे बघा. करारपत्र मिळालं तर मालकाचं किंवा शेतकरी संघाचं नाव आणि भरती कुठे झाली ते कळेल, सोनोरातलं एम्पाल्मे, मॉन्तेरे, चिवावा असं काहीतरी. भरतीचं ठिकाण म्हणजे गाव नव्हे, ती चूक करू नका, लोक लांबलांबून येऊन तिथे कित्येक दिवस रस्त्यावर झोपायचे. शिवाय ब्रासेरो हिस्टरी आर्काइव्ह म्हणून ऑनलाइन संग्रह आहे, मुलाखती, फोटो, कार्डं, फुकट आहे. आजोबा त्यात नसतील, पण त्यांच्याच रांगेतला कोणीतरी बोलताना ऐकू येईल.

आणि नाव सापडायला वेळ लागतोय म्हणून चिडू नका. २८ जानेवारी १९४८ ला कॅलिफोर्नियातल्या कोआलिंगाजवळ लॉस गातोस दरीत विमान पडलं, ३२ माणसं गेली, त्यात मेक्सिकोला परत पाठवले जाणारे २८ मजूर होते. फ्रेस्नोच्या होली क्रॉस दफनभूमीत त्यांना एकत्र पुरलं आणि दगडावर फक्त "२८ मेक्सिकन नागरिक" असं लिहिलं. नावं असलेला दगड बसला २०१३ मध्ये. पासष्ट वर्षं! दफनभूमीच्या वहीतली चुकीच्या स्पेलिंगची नावं एकेक करून सोडवत बसावं लागलं होतं त्यासाठी. तुम्ही तर अजून ट्रंकही उघडलेली नाही.

प्रश्न : नवऱ्याच्या आत्या लॉस एंजेलिसला जन्मल्या, पण शाळा मिचोआकानमध्ये शिकल्या आणि विसाव्या वर्षी परत अमेरिकेत आल्या. जन्माने अमेरिकन असून तिकडे का गेल्या? विचारलं की विषय बदलतात.

उत्तर : जन्म १९२०-३० च्या दरम्यानचा असेल तर उत्तर बहुधा मंदीत आहे. १९२९ नंतर मेक्सिकन कुटुंबांना गाड्या भरभरून परत पाठवलं, काहींना धाक दाखवून, काहींना तिकीट काढून देऊन. २६ फेब्रुवारी १९३१ ला लॉस एंजेलिसच्या ला प्लासिता चौकात दारं अडवून लोकांची झडती घेतली होती. एकूण किती गेले यावर इतिहासकारांचे आकडे फार वेगळे आहेत, पण लाखोंच्या घरात, आणि त्यात मोठा भाग अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये कायदा करून माफी मागितली.

कागदासाठी दोन्हीकडे बघा. लॉस एंजेलिस काउंटीचा जन्मदाखला, आणि मिचोआकानमधल्या गावच्या नोंदवहीतही, कारण शाळेत घालण्यासाठी अशा मुलांची तिकडे पुन्हा जन्मनोंद केलेली पुष्कळदा सापडते, कधी जन्मच तिथे झाला असं बिनधास्त लिहून. मग विसाव्या वर्षी परत येताना सीमेवर त्यांनी कुठला कागद दाखवला असेल, तेवढंच आत्यांना विचारा. का गेलात असं विचारू नका. कागदाबद्दल विचारलं की म्हातारी माणसं उठून पेटी आणतात.