विदूषकाचं लाल नाक आणि आबांचा मोर

गेल्या अंकात ‘ब्रोकन स्वॉर्ड: द शॅडो ऑफ द टेम्प्लर्स’ या जुन्या रहस्यखेळाच्या नव्या आवृत्तीबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं पान जुन्या रहस्यखेळांच्या नव्या रूपांनाच दिलं आहे. तो अंक हुकलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या रेव्होल्यूशन सॉफ्टवेअर या कंपनीनं हा खेळ १९९६ साली काढला. जॉर्ज स्टॉबार्ट नावाचा अमेरिकन पर्यटक पॅरिसमध्ये एका कॅफेबाहेर बसलेला असतो. विदूषकाच्या वेशातला एक माणूस आत जातो, एका म्हाताऱ्याची बॅग घेऊन पळतो आणि आपला अकॉर्डियन मागं सोडतो. त्या अकॉर्डियनमध्ये बाँब असतो. तिथून पुढं सगळा तपास माउसवर. वस्तू बघा, माणसांशी बोला, हाती लागेल ते खिशात टाका आणि योग्य जागी वापरा. २०२४ च्या सप्टेंबरात याच खेळाची ‘रिफोर्ज्ड’ आवृत्ती आली.

कॉलेजात असताना हा खेळ मी रात्र रात्र खेळलो होतो. आता मुलगा म्हणतो, नवी चित्रं एकदम सुंदर आहेत. जुना मित्र म्हणतो, सगळं गुळगुळीत प्लास्टिक करून टाकलंय. पैसे घालावेत का?
*– एक वाचक, जुळे सोलापूर*

तुमच्या मित्राला काय खटकलं ते मला नेमकं ठाऊक आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझे वडील, आबा, अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात चादरींची डिझाइनं काढायचे. ग्राफचा मोठा कागद, त्यावर एकेक चौकोन भरायचा. त्या ग्राफवरून जकार्डचे पुठ्ठे भोकं पाडून तयार व्हायचे, आणि त्या भोकांप्रमाणे मागावर सूत वर-खाली व्हायचं. आबांच्या एका डिझाइनमध्ये मोर होता. त्याच्या डोळ्यात त्यांनी चार चौकोन मुद्दाम कोरे ठेवले होते. पुढं डिझाइनं संगणकावर चढवायची वेळ आली, तेव्हा ते काम करणाऱ्या मुलाला वाटलं, हे चार चौकोन भरायचे राहिलेत. त्यानं काळे भरले. पहिली चादर मागावरून उतरली, आबांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, “मोर झोपला की गं.”

रिमास्टर, म्हणजे जुन्या खेळाला दिलेलं नवं रूप, म्हटलं की मला ते चार चौकोन आठवतात. १९९६ चा खेळ ६४० बाय ४८० पिक्सेलचा. जॉर्ज रस्त्यावर उभा असला की त्याचा चेहरा म्हणजे मोजके ठिपके. त्यातून तो घाबरलाय की हसतोय हे आपण त्याच्या आवाजावरून ठरवायचो. नव्या आवृत्तीत तोच चेहरा फोर-केमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त ठिपक्यांत, नीट काढलाय, भुवई आणि ओठांसकट. जे तुमच्या मित्राच्या मनानं भरलं होतं, ते आता दुसऱ्यानं भरून दिलंय. म्हणून त्याला तो जॉर्ज परका वाटतो. पात्रांच्या हालचालींची चित्रं हजारोंनी होती. त्यांच्यावर पहिला हात यंत्राकडून फिरवून घेतला आणि मग चित्रकारांनी दुरुस्ती केली, विशेषतः चेहरे आणि हात. मला उभी असलेली पात्रं आवडली. चालताना मात्र काही ठिकाणी पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत असं वाटतं.

पण पार्श्वभूमीबद्दल तुमच्या मुलाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मूळ दृश्यं ज्यांनी काढली, त्या ओअन काहिल आणि नील ब्रीन यांनी आधी डॉन ब्लूथ यांच्या अॅनिमेशन स्टुडिओत काम केलं होतं. ती शिसपेन्सिलीनं काढलेली, हातात जोर असलेल्या माणसांची रेघ आहे. मोठी केली तरी ती तग धरते. कॅफेबाहेरचा रस्ता बघा. स्फोटानंतर खाली लोंबणारं कापडी छत, भिंतीवर तिरपं पडलेलं दुपारचं ऊन. हे सगळं आधीही होतंच, फक्त आपल्या त्या काळच्या चौदा इंची मॉनिटरवर दिसत नव्हतं.

आणि ज्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला पैसे घाला म्हणते ती ही: खेळता खेळता एक बटण दाबलं की त्याच क्षणी जुनं चित्र समोर येतं, पुन्हा दाबलं की नवं. माझ्या नवी पेठेतल्या दुकानात रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघं खेळतो. पहिला तासभर आमचं तेवढंच चाललं होतं. नवं, जुनं, नवं, जुनं. आबांच्या मोराला असं बटण असतं तर त्या मुलाला दाखवता आलं असतं, की अरे, हे बघ, इथं कोरं होतं.

आवाज मूळ कलाकारांचेच आहेत, संगीतही बॅरिंग्टन फेलूंग यांचंच. २००९ साली या खेळाची ‘डायरेक्टर्स कट’ नावाची वेगळी आवृत्ती निघाली होती. त्यात निको या पत्रकार तरुणीचे नवे प्रसंग घातले होते आणि नायकाचं मरणं काढून टाकलं होतं. रिफोर्ज्ड पुन्हा १९९६ च्या मांडणीकडे गेलंय. ज्यांनी आधी २००९ चा खेळ खेळला त्यांना निकोचे ते प्रसंग नाहीत म्हणून चुकल्यासारखं होईल. माझ्या भाचीला झालं. मला मात्र मूळ मांडणीच बरी वाटते, कारण निको पहिल्यांदा भेटते तेव्हा तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसावं. तपास करणाऱ्याला तसंच असतं.

मी अकरावीला आहे. आयर्लंडमधल्या बोकडाशी चार दिवस अडकलोय. इशारे बघितले तर ती फसवणूक होते का?
*– एक वाचक, अक्कलकोट रोड*

बाळा, त्या बोकडानं जगभरातल्या खेळाडूंना रडवलंय. तू एकटा नाहीस. तो कठीण का आहे ते आधी समजून घे. तोवर या खेळानं तुला कधीच घाई केलेली नसते. पॅरिसमध्ये रस्ता दुरुस्त करणाऱ्या कामगाराला तू वर्तमानपत्र देतोस, तो त्यात गुंततो, आणि त्याच्या हत्यारपेटीतून तुला मॅनहोल उघडायचं अवजार घेता येतं. तिथं तू दहा मिनिटं विचार केलास तरी कामगार तसाच थांबतो. मग खाली गटारात उतरलास की विदूषकाचं लाल नाक सापडतं. इथवर सगळं सबुरीचं काम. आणि मग अचानक हा बोकड! तो तुला धडक देऊन पाडतो, आणि इथं मात्र नेमक्या वेळेत हालचाल करावी लागते. खेळानं आपला नियम न सांगता बदललाय, म्हणून राग येतो, आणि तो राग रास्त आहे. २००९ च्या आवृत्तीत हे कोडं सोपं केलं होतं, ते त्याचमुळे.

फसवणूक वगैरे काही होत नाही. पण तुझं नुकसान होतं, आणि ते मी स्वतः भोगलंय म्हणून सांगते. तेव्हा मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेन. एका दुकानातून हा खेळ आणला. मूळ खेळ दोन सीड्यांचा, दुकानदारानं दिली एकच. मला काय माहीत! प्रवासाच्या एका टप्प्यावर संगणकानं दुसरी सीडी मागितली आणि तिथंच सगळं थांबलं. दुकानदारानं हात वर केले. पुढं तीन वर्षं माझ्या डोक्यात तो अर्धा तपास तसाच पडून होता. एका मैत्रिणीनं एक दिवस सहज शेवट सांगून टाकला. अखेर दोन्ही सीड्या मिळाल्या तेव्हा मी सगळा खेळ खेळले, पण शेवटाला मला काही म्हणजे काही वाटलं नाही. ती हळहळ अजून आहे.

उलट बोकडाचं उत्तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. सकाळपासून अडकले होते, तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की सगळं टाकून उठावं लागतं, तुलाही ते माहीत आहे. हंडे भरता भरता डोळ्यासमोर ते अंगण आलं आणि लक्षात आलं, की मी फक्त बोकडाकडे बघत होते, बाकीच्या अंगणात काय पडलंय तिकडे नाहीच. आईला म्हटलं, एवढा हंडा धर. तशीच ओल्या हातानं माउसवर गेले.

तेव्हा माझं सांगणं एवढंच: आज खेळ बंद कर. उद्या पुन्हा त्या अंगणात जा आणि तो तुला पाडतो त्यानंतरच्या क्षणाकडे लक्ष दे. तरीही नाही जमलं तर खेळातलाच इशारा घे, एकच. कुणी लिहिलेलं सगळं उत्तर उघडू नकोस, कारण डोळा आपोआप पुढच्या ओळीवर जातो.

कंपन्या जुनाच माल नवीन डब्यात घालून विकतायत असं नाही का वाटत?
*– एक वाचक, लष्कर*

कधी कधी तसं होतं. ‘ब्लेड रनर’ हा १९९७ चा तपासाचा खेळ घ्या. त्याचा मूळ कोड आणि मूळ साहित्य हरवलेलं. काही हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून तो उलगडला, आणि २०१९ साली स्कमव्हीएम या जुने खेळ नव्या संगणकांवर चालवणाऱ्या मोफत प्रणालीवर तो नीट चालू लागला. मग २०२२ मध्ये विकतची ‘एन्हान्स्ड’ आवृत्ती आली. पावसाळी रात्रीचा तो दाणेदार धूसरपणा पुसून टाकल्यासारखा झाला होता. खेळाडू इतके चिडले, की विक्रेत्याला जुना खेळ पुन्हा उपलब्ध करून द्यावा लागला. तिथं मी खेळाडूंच्या बाजूची आहे.

दुसऱ्या बाजूला ‘ग्रिम फँडँगो’. मूळ १९९८ चा, रिमास्टर २०१५ चा. मेलेल्यांच्या मुलुखातल्या प्रवासी एजंटाची ती गुन्हेकथा. मूळ खेळात त्याला कीबोर्डवरून एखाद्या रणगाड्यासारखं वळवावं लागायचं. रिमास्टरमध्ये माउसनं टिचकी मारून चालवता येतं. संगीत मेलबर्नच्या वाद्यवृंदाकडून नव्यानं वाजवून घेतलं. पार्श्वभूमीच्या चित्रांना मात्र हात लावला नाही, आणि त्याबद्दल काहींनी कुरकुर केली. मला तो निर्णय समजूतदार वाटतो. जिथं मूळ साधन अडवत होतं तिथंच त्यांनी हात घातला.

मी विजापूर रोडच्या एका शाळेत शिकवते. आठवीच्या मुलांना हे खेळ इंग्रजीमुळे झेपतील का?
*– एक शिक्षिका*

मराठीत ‘ब्रोकन स्वॉर्ड’ नाही, पण झेपेल. बोलणं खाली लिहून येतं आणि एकेक वाक्य येतं, त्यामुळे वाचायला सवड मिळते. खून, बाँब आहेत, म्हणून सातवीच्या खाली मी देणार नाही. मात्र मुलांना एकेकटं बसवू नका. एकानं माउस धरायचा, एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी सांगायचं आता कुणाला काय विचारायचं ते.

आमच्या शेजारच्या पद्मशाली आजी दुपारी विड्या वळत दारात बसतात. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी, इंग्रजीचा गंध नाही. भाची ‘ब्रोकन स्वॉर्ड’ खेळताना एकेक वाक्य मराठीत सांगत होती. आजींनी पानाची कात्री खाली ठेवली आणि विचारलं, “मेला तो म्हातारा कुणाची वाट बघत बसला होता, ते विचार की त्या पोरीला.” भाचीनं कॅफेतल्या वेट्रेसला अजून तो प्रश्न विचारलाच नव्हता. आता आजी रविवारी स्वतःहून विचारतात, सापडला का गं तो विदूषक?

माझ्याकडे दहा वर्षांचा जुना संगणक आहे आणि खेळ विकत घेण्याची सोय नाही.
*– एक वाचक, बाळे*

मग ‘ब्रोकन स्वॉर्ड’वाल्या रेव्होल्यूशन कंपनीचाच १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घ्या. २००३ साली त्यांनी तो मोफत खुला केला. स्कमव्हीएमवर चालतो, जुन्या संगणकावरच काय, साध्या अँड्रॉइड फोनवरही. ‘ब्रोकन स्वॉर्ड’च्या २००९ च्या आवृत्तीतले चेहरे ज्यांनी काढले, त्याच डेव्ह गिबन्स यांनी याच्याही चित्रांवर काम केलंय. भविष्यातलं एक शहर, पळवून आणलेला तरुण आणि त्याच्यासोबत जोई नावाचा तोंडाळ यंत्रमानव. उन्हाळ्याच्या दुपारी दारं-खिडक्या लावून खेळायला उत्तम.

अगदी सुरुवातीलाच एक दार उघडावं लागतं. तिथं आठवडाभर अडकलात तर मला जरूर लिहा. त्याआधी नको.