सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारा डबा) सारखा रीस्टार्ट होतोय, आतलं जुनं रेकॉर्डिंग वाचवता येईल का?

बहुतेक वेळा येतं. पण आधी रेकॉर्डिंग बंद करा. डिस्क भरली की डीव्हीआर सर्वांत जुन्या फुटेजवरच नवं लिहीत जातो. आणि स्क्रीनवर 'हार्ड डिस्क फॉरमॅट करा' असं आलं तर चुकूनही हो म्हणू नका.

दर दोन-चार मिनिटांनी रीस्टार्ट होत असेल तर माझा पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर. डिस्क फिरायला लागताना क्षणभर जास्त करंट ओढते आणि थकलेला अ‍ॅडॉप्टर तिथेच मान टाकतो. साधारणपणे तो 12 व्होल्टचा असतो. लेबल बघून तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्या अँपिअरचा दुसरा लावून पाहा. तरीही तेच? मग प्लग काढून डिस्कच्या दोन्ही वायरी सोडवा आणि पुन्हा चालू करा. आता नीट चालला तर गडबड डिस्कची.

डिस्कमधून टक्‌... टक्‌... असा आवाज येत असेल तर तिला पुन्हा वीजच देऊ नका, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आवाज नसेल तर प्लग काढून डिस्कच्या वायरी परत जोडा आणि डीव्हीआर सुरू झाल्या झाल्या पेनड्राइव्हवर फक्त हवा तो तासाभराचा भाग उतरवा. (घड्याळ चुकलेलं असेल तर फुटेज भलत्याच तारखेखाली सापडतं, तेही बघा.) डिस्क कॉम्प्युटरला जोडलीत तर विंडोजही फॉरमॅट करू का विचारेल, कारण बऱ्याच डीव्हीआरची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत) त्याला कळत नाही. नाही म्हणा, लिनक्सवर डीडीरेस्क्यू (ddrescue) या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची नक्कल काढा आणि पुढचे प्रयोग त्या नकलेवरच करा.