ग्रिनेल, मॅकॅलेस्टर की माउंट होलियोक? आधी गणित विभागाचे वेळापत्रक पाहा

आपल्या मुलीला अमेरिकेतील ग्रिनेल, मॅकॅलेस्टर आणि माउंट होलियोक या तिन्ही कॉलेजांत प्रवेश मिळाला आहे, तिचा ओढा गणिताकडे असून पुढे पीएचडीचा विचार आहे, अर्थशास्त्रही तिला सोडवत नाही, आणि क्रमवारीत जे वर असेल ते घ्यावे असे घरच्यांचे मत आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते या निर्णयात क्रमवारी बाजूलाच ठेवावी.

खर्चाच्या बाबतीत शिष्यवृत्तीच्या आकड्याने हुरळून न जाता, ती वजा केल्यावर चार वर्षांत घरातून किती रक्कम जाईल ते काढावे आणि दर वर्षी शुल्क वाढले की मदतही वाढते का, हे कॉलेजकडून लेखी घ्यावे.

खरा प्रश्न विभागाचा आहे. या कॉलेजांत मुख्यतः पदवीपर्यंतचेच शिक्षण असते आणि विभाग लहान असतात. दोन प्राध्यापक एकाच वर्षी अभ्यासरजेवर गेले तरी वरच्या वर्गांचे विषय कमी होतात. माहितीपुस्तिकेत विषयांची यादी भरगच्च दिसते, म्हणून ती न पाहता रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावरील मागच्या चार सत्रांची वेळापत्रके उघडावीत आणि प्रत्यक्षात काय शिकवले गेले ते मुलीनेच टिपून काढावे. समजा, गणिताच्या वरच्या विषयांपैकी रिअल अॅनालिसिस दर वर्षी आहे, पण टोपॉलॉजी एक वर्षाआड. आणि ज्या सत्रात टोपॉलॉजी आहे त्याच सत्रात ती कॉलेजतर्फे दुसऱ्या देशात शिकायला गेली, तर तो विषय पदवी संपेपर्यंत तिच्या हाती लागणार नाही. बारावीला कॅल्क्युलस करून आलेली मुले पहिल्याच वर्षी पुढच्या वर्गात बसू शकतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षानंतर शिकायला काय उरते हे तिच्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

या कसोटीवर मी माउंट होलियोककडे झुकेन. १८३७ मध्ये मेरी लायन यांनी स्थापन केलेले हे मुलींचे कॉलेज अॅमहर्स्ट, स्मिथ, हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा अॅमहर्स्ट कॅम्पस यांच्याबरोबर पाच संस्थांच्या संघात आहे. तिथले विषय घेता येतात आणि विद्यापीठात गणिताचे पदव्युत्तर वर्गही चालतात. बसने जाण्यायेण्यात वेळ मोडतो, तो मात्र हिशेबात धरावा. ग्रिनेल आयोवातल्या एका छोट्या गावात आहे. तिथे पहिल्या सत्रातील ट्युटोरियल (लेखन आणि चर्चेचा छोटा वर्ग) सोडले तर सर्वांना सक्तीचा असा विषय नाही, आणि दोन विषयांत मन असलेल्या मुलीला ही मोकळीक मोलाची वाटेल. मॅकॅलेस्टर मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरातच असल्याने सत्र चालू असताना इंटर्नशिप करणे तिथे सोपे जाते. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान याच कॉलेजचे, आणि परदेशी विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची तिथली परंपरा जुनी आहे.

अर्थशास्त्राविषयी एक गोष्ट जरूर विचारावी. परदेशी विद्यार्थ्यांना पदवीनंतर अमेरिकेत काम करण्यासाठी मिळणारी १२ महिन्यांची मुदत स्टेम गटातील (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित) विषयांना आणखी २४ महिने वाढवून मिळू शकते. गणित त्या गटात आहे, पण अर्थशास्त्राची पदवी कॉलेजने कोणत्या सरकारी विषय-संकेतांकाखाली नोंदवली आहे त्यावर ते अवलंबून असते.

प्रवेश नक्की करण्याची नेहमीची मुदत १ मे असते. त्याआधी मुलीने स्वतः तिन्ही गणित विभागप्रमुखांना ईमेल लिहावे: येत्या दोन वर्षांत कोण रजेवर आहे, कोणते वरचे विषय ठरले आहेत आणि उन्हाळ्यात प्राध्यापकांबरोबर संशोधन करण्याची संधी परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळते का.