प्रश्न वाचकांचे : आरोग्याची माहिती आणि मुक्तस्रोत प्रणाली

प्रश्न : महानगरपालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. आमच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत दर पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू आणि मलेरियाचे रुग्ण निघतात आणि नेमके त्याच सुमारास मोबाइलवर वाटेल ते उपाय सांगणारे संदेश फिरू लागतात. म्हणून आमच्या महिला मंडळाने खात्रीची माहिती मराठीत देणारे संकेतस्थळ सुरू करायचे ठरवले आहे. एका व्यावसायिकाने त्यासाठी दरवर्षी मोठी रक्कम मागितली. माझा भाचा म्हणतो की मुक्तस्रोत प्रणाली वापरा, ती फुकट असते. पण जिचा सोर्स कोड (प्रणाली ज्यांवर चालते त्या मूळ सूचना) साऱ्या जगाला उघडा आहे, तिच्यात कोणीही शिरून औषधाचे नाव बदलून ठेवील, अशी मला धास्ती वाटते. कोणत्या चाळीत किती रुग्ण आहेत हेही रोज द्यावे, असा काही सभासदांचा आग्रह आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : औषधाच्या बाटलीवर त्यातले घटक छापलेले असतात, ते कोणालाही वाचता येतात, पण म्हणून आपल्या कपाटातल्या बाटलीत कोणाला काही मिसळता येत नाही, कारण कपाटाची किल्ली आपल्याकडे असते. सोर्स कोड उघडा असणे म्हणजे घटक छापलेले असणे, आणि पासवर्ड म्हणजे किल्ली. आपली धास्ती बहुधा विकिपीडियामुळे निर्माण झाली असावी. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो तीही मुक्तस्रोत आहे, पण तिथला मजकूर कोणालाही बदलता यावा हा त्या प्रकल्पाने मुद्दाम घेतलेला निर्णय आहे. आपल्या संकेतस्थळावर तसे करण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या कामासाठी मी वर्डप्रेस ही संकेतस्थळ बांधण्याची मुक्तस्रोत प्रणाली सुचवीन. ही प्रणाली २००३ सालापासून उपलब्ध आहे आणि ती जीपीएल या परवान्याखाली दिली जाते; म्हणजे ती वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचे स्वातंत्र्य आपल्याला असते. तिच्यात लेखन-संपादनाची सोय मराठीतूनही आहे. याहून साध्या आणि अधिक सुरक्षित पद्धती आहेत, परंतु त्यांना जाणकार माणूस लागतो. उद्या भाचा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला तरी मंडळातल्या स्त्रियांना दवाखान्याची बदललेली वेळ स्वतः दुरुस्त करता आली पाहिजे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. वर्डप्रेसच्या संकेतस्थळांमध्ये जी घुसखोरी होते, ती बहुतेकदा वेळेवर अद्ययावत न केलेल्या प्लगइनमधून (जादा सोयींसाठी वरून जोडलेल्या भागांतून) किंवा दहा जणांत वाटलेल्या एकाच पासवर्डमुळे होते. त्यामुळे प्लगइन मोजकेच ठेवावेत, प्रत्येकीला स्वतंत्र खाते द्यावे आणि मजकूर प्रसिद्ध करण्याचा अधिकार दोघींकडेच असावा.

भाच्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. प्रणालीसाठी पैसे पडत नाहीत, मात्र संकेतस्थळाचे नाव आणि सर्व्हरवरची जागा यांचे भाडे दरवर्षी भरावे लागते. मुक्त असण्याचा खरा लाभ निराळाच आहे. माझ्या परिचयातल्या एका संस्थेचे संकेतस्थळ एका व्यावसायिकाने स्वतःच्या बंदिस्त प्रणालीवर बांधून दिले होते. त्याने धंदा बंद केला तेव्हा चार वर्षांचा मजकूर त्याच्यापाशीच अडकला. जुन्या छापील पत्रकांच्या फाइली सापडल्या, पण त्या युनिकोडपूर्व फाँटात होत्या; युनिकोड म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरे तीच राहावीत म्हणून ठरवलेली सामाईक संकेतपद्धती. त्या उघडल्यावर ‘कावीळ’ या शब्दाच्या जागी पडद्यावर नुसती रोमन अक्षरे आणि टिंबे उमटत होती. शेवटी दोघींनी बसून सगळे पुन्हा टंकलिखित केले, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटले. म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा. आपल्या मुंबईतल्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्त’ हा देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली मिळतो आणि लहान पडद्यावर तो छान वाचता येतो. संपूर्ण मजकुराची प्रत दर महिन्याला मंडळाच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा.

घुसखोरीपेक्षा मला शिळ्या माहितीची काळजी अधिक वाटते. दवाखान्याची वेळ बदलली आणि पानावर जुनीच राहिली, तर तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेल्या बाईची त्या दिवशीची मजुरी जाते आणि पुन्हा ती आपल्या पानावर विश्वास ठेवत नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या अगदी वर, शीर्षकाच्या लगेच खाली, माहिती कोणत्या तारखेला, कोणी आणि कुठून तपासली ते लिहा. मजकूर थोडका पण नेमका असावा. ‘पाणी साचू देऊ नका’ एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. परंतु डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतात आणि पाणी ओतून दिल्यावरही कोरडी तग धरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप आतून घासले पाहिजे, हे कारणासह सांगितले तर लोक करतात. लेप्टोच्या बाबतीत, साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे, एवढे ठळक लिहा आणि औषधाची मात्रा मात्र पानावर देऊ नका. गर्भवतीचा आणि लहान मुलाचा विचार वेगळा करावा लागतो, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. पायाला जखम असेल तर धोका वाढतो, हेही त्याच पानावर यावे.

चाळवार रुग्णसंख्येला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्या मजल्यावर दहाच खोल्या आहेत, तिथे ‘एक रुग्ण’ असे लिहिले तरी संध्याकाळपर्यंत घर कोणते ते सगळ्यांना कळते. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ सालचा कायदा आहेच, पण तो नसता तरी माझे मत हेच राहिले असते. १८९६ च्या प्लेगात घरझडतीच्या आणि सक्तीने रुग्णालयात नेले जाण्याच्या भीतीने मुंबईकरांनी आपली आजारी माणसे लपवली होती. नाव उघड होण्याची भीती बसली की रुग्ण दवाखान्यात यायचा थांबतो. आकडे द्यायचेच असतील, तर आरोग्य विभागाने प्रसिद्ध केलेले शहराचे किंवा विभागाचे आकडे तारखेसह द्यावेत.

प्रश्न : करोनाच्या काळात तरुण स्वयंसेवकांनी देशभरातील आकडेवारी एकत्र करून सर्वांना खुली केली होती. मी महाविद्यालयात शिकतो. आरोग्याविषयी असे काही मला आणि माझ्या मित्रांना करता येईल का? (एक विद्यार्थी, गोरेगाव)

उत्तर : आपण ‘कोविड१९इंडिया’चा उल्लेख करीत असावात. स्वयंसेवकांनी चालवलेल्या त्या उपक्रमाचा कोड आणि माहिती दोन्ही खुली होती आणि ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांनी ती अद्ययावत करणे थांबवले. राज्याराज्यांच्या पत्रकांतून आकडे वेचण्याचे ते काम दिवसरात्र चालणारे होते. त्याची नक्कल करू नका. शासकीय पातळीवर अशा कामासाठी ओस्लो विद्यापीठातून पुढे आलेली ‘डीएचआयएस २’ ही मुक्तस्रोत प्रणाली अनेक देशांची आरोग्य खाती वापरतात, पण ती आपल्या गटाच्या आवाक्याबाहेरची आहे.

आपल्याला करता येण्याजोगे काम ओपनस्ट्रीटमॅपवर आहे. २००४ साली सुरू झालेल्या या खुल्या नकाशात आपल्या परिसरातले दवाखाने, प्रसूतिगृहे आणि लसीकरण केंद्रे मराठी नावांसह नोंदवता येतात, त्यांच्या वेळा देता येतात, आणि वर ज्या मंडळाचे पत्र आहे तशा कोणत्याही संस्थेला तो नकाशा श्रेयनिर्देशासह आपल्या संकेतस्थळावर लावता येतो. दुसऱ्या नकाशावरून मात्र माहिती उतरवून घेऊ नका, कारण त्या नकाशांचा परवाना सहसा त्याला परवानगी देत नाही. स्वतः दारापर्यंत जा, फलक वाचा, आत बसलेल्या कर्मचाऱ्याला वेळ बदलली आहे का ते विचारा आणि मगच नोंद करा. फलकाचे छायाचित्र घेणार असाल, तर रांगेत उभ्या असलेल्या कोणाचाही चेहरा त्यात येणार नाही, अशा बाजूने उभे राहा.